स्वतःची जुनी छायाचित्र-मालिका पुन्हा रचताना

स्वतःच वेश चढवून, स्वतःच कॅमेऱ्यापुढे उभं राहून बाईपणावर केलेल्या मालिकेकडे वीस-तीस वर्षांनी परतायचं असेल, तर सामान काढण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर दोन रकाने करा: काय होतं तसंच ठेवायचं, आणि काय बदलू द्यायचं. सगळंच बदललं तर ती नवी मालिका होते, जुनीशी तिचं नातं भिंतीवरच्या मजकुरापुरतं उरतं. काहीच बदलू द्यायचं नाही असा हट्ट धरला तर तरुणपणाची नक्कल हाती येते, आणि ती जवळजवळ नेहमीच फिकी पडते. बदल डोळ्यांत भरायचा असेल तर त्याच्या भोवतीचं सगळं जागच्या जागी हवं.

एलिनॉर अँटिन या अमेरिकन कलावंताने हे फार काटेकोरपणे केलं. १९७२ मध्ये 'कार्व्हिंग: अ ट्रॅडिशनल स्कल्प्चर'साठी तिने आहार कमी करत ३७ दिवस रोज चार बाजूंनी स्वतःच्या विवस्त्र शरीराची छायाचित्रं काढवली, एकूण १४८. वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, तिने तोच प्रयोग पुन्हा केला आणि छायाचित्रांची संख्या ५०० वर गेली. कृती तीच, शरीर वेगळं. भारतीय कलावंत पुष्पमाला एन. यांनी दुसरी वाट घेतली. १९९६ ते ९८ मध्ये मुंबईत केलेल्या 'फँटम लेडी ऑर किस्मत'मध्ये त्यांनी १९३५ च्या 'हंटरवाली' या सिनेमातल्या नायिकेची, नादियाची, आठवण देणारी मुखवट्याची नायिका उभी केली, कृष्णधवल. २०१२ च्या 'रिटर्न ऑफ द फँटम लेडी'त तीच नायिका त्याच शहरात परतली, पण रंगीत छायाचित्रांत आणि जमीन बळकावणाऱ्यांच्या मुंबईत. इथे व्यक्तिरेखा आणि गाव कायम राहिलं, बाकी काळाबरोबर बदललं. अमेरिकन कलावंत मार्था विल्सनने १९७३ मध्ये, पंचविशीच्या आसपास असताना, पंचविशीची दिसू पाहणारी पन्नाशीची बाई स्वतःवर उभी केली होती. साठी उलटल्यावर ती म्हातारपणाच्या प्रश्नाकडे खऱ्या सुरकुत्या घेऊन परतली.

चौथी वाट म्हणजे नवं काहीच न काढता जुन्या निगेटिव्ह पहिल्यांदा छापणं. अमेरिकन छायाचित्रकार सिंडी शर्मनने १९७६ ची 'बस रायडर्स' ही मालिका २००० मध्ये छापली. त्यातल्या काही व्यक्तिरेखांसाठी तिने चेहरा काळा रंगवला होता आणि पुढे त्यावर कडक टीका झाली. जुनं काम बाहेर काढताना त्यातल्या खोटीही बाहेर येतात, म्हणून ही वाट सर्वांत सोपी समजू नका.

जुनं साहित्य हाताशी घ्या

निगेटिव्ह, काँटॅक्ट शीट (रोलमधल्या सगळ्या चौकटी निगेटिव्हच्याच मापात छापलेला कागद), छापील प्रती, शिंप्याची आणि भाड्याच्या कपड्यांची बिलं, वहीतल्या नोंदी, उरलेले दागिने हे सगळं एका टेबलावर मांडा. काँटॅक्ट शीट सर्वांत मोलाची, कारण तिच्यावर नाकारलेल्या चौकटी असतात. कॅमेरा एखाद्या फुटाने डावीकडे सरकलेली चौकट मिळाली तर खोलीचा कोपरा, दिव्याचा स्टँड, पडद्याची कड असं बरंच कळतं. निवडलेल्या चित्रात हे सगळं कापलेलं असतं.

निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा आधारथर विघटित होतोय. ती पट्टी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिचंच स्कॅन करून घ्या. पीव्हीसीची जुनी पाकिटं टाकून द्या, पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लमुक्त कागदाची घ्या. कोकणपट्टीत आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावर भागतं. काटा ३५ ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे.

स्कॅन १६ बिट टिफमध्ये करा. ३५ मिमी निगेटिव्ह ४००० पीपीआयला (इंचाला ४००० पिक्सेल) स्कॅन केली तर साधारण ३७८० × ५६७० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयने १२.५ × १९ इंचांची छपाई. सहा बाय सहाची (सुमारे ६ सेंमीची चौकोनी) निगेटिव्ह ३२०० पीपीआयलाही २३ इंचांपर्यंत जाते. स्कॅनरची धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवा. त्या फिल्मवरची चांदी इन्फ्रारेड किरण अडवते, स्कॅनर तिलाच धूळ समजतो आणि चेहऱ्याचे तपशील पुसून टाकतो. धूळ ब्लोअरने उडवा, उरलेली नंतर हाताने काढा.

शेवटी, जुनं चित्र उलटं छापलेलं नाही ना हे तपासा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. ब्लाउजच्या हुकांची बाजू, नथ, चेहऱ्यावरचा तीळ, मागच्या पाटीवरची अक्षरं पाहा. पदर उजव्या खांद्यावर दिसत असेल आणि तुम्ही तेव्हा गुजराती पद्धतीचा पदर घेतलाच नसेल, तर निगेटिव्ह पालथी पडली होती.

कॅमेरा कुठे होता

नवं चित्र जुन्याशी जुळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा लेन्स नसून कॅमेऱ्याची जागा असते. जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींच्या तुलनेत किती मोठी दिसेल हे अंतरावर ठरतं. लेन्स फक्त चौकट कुठे कापायची ते ठरवते. म्हणून आधी जागा शोधा, लेन्स नंतर निवडा.

उंचीपासून सुरुवात करा. जुन्या चित्राची मोठी प्रत काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फरशीच्या लांब जाणाऱ्या रेघा पट्टीने पुढे वाढवा. त्या जिथे एकत्र येतात तिथून चौकटीला समांतर आडवी रेघ मारा. ती रेघ ज्या-ज्या वस्तूला छेदते, त्या ठिकाणी ती वस्तू लेन्सच्या उंचीवर होती. रेघ दाराच्या कडीवरून जात असेल तर कॅमेरा कडीएवढाच उंच होता.

या उंचीबद्दल हयगय करू नका, कारण बाईपणावरच्या कामात तिच्यात अर्थ भरलेला असतो. जुन्या स्टुडिओंत आणि हौशी लोकांकडे यशिका, रोलाय यांसारखे वरून डोकावून बघायचे कॅमेरे होते. ते पोटाशी धरत, म्हणजे जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. तिथून काढलेली उभी बाई उंच आणि ठाम दिसते. आज तेच चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या ट्रायपॉडवरून काढलं की ती खुजी दिसते आणि कॅमेरा तिच्याकडे वरून बघू लागतो. वयाने असा फरक पडत नाही, पण बघणारा तो वयाच्याच खात्यावर मांडतो.

अंतर काढायला चित्रात सारख्या मापाच्या दोन वस्तू शोधा: जोडीच्या खुर्च्या, दोन खांब, फरशीचे चौकोन. त्या दोहोंमधलं खरं अंतर माहीत असलं की झालं. समजा, जवळची खुर्ची छापील चित्रात ६० मिमी उंच आहे आणि लांबची ४० मिमी, आणि दोघींमध्ये ४ फूट होते. ४ ला ४० ने गुणा आणि दोन मापांतल्या फरकाने, म्हणजे २० ने, भागा. उत्तर ८. कॅमेरा जवळच्या खुर्चीपासून ८ फुटांवर होता. जुन्या वाड्याची किंवा गोव्यातल्या घराची नक्षीची फरशी असेल तर काम आणखी सोपं, कारण सगळ्या फरश्या एकाच मापाच्या असतात.

मग लेन्स. सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यावरच्या ८० मिमीच्या जागी आजच्या फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४५ मिमीच्या आसपासची लेन्स लागते, पण चौकोनी चौकट कापायची असल्याने ३५ मिमी लावून कडा कापणं बरं. ३५ मिमी फिल्मवरची ५० मिमी लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधारण ३३ ते ३५ मिमी होते.

संगणकाला तार जोडून काढत असाल तर कॅप्चर वन आणि लाइटरूम या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये जुनं चित्र पडद्यावर अर्धपारदर्शक ठेवता येतं. पण आधी निर्जीव वस्तू जुळवा: दार, खुर्ची, पडद्याची घडी. शरीर सगळ्यांत शेवटी. आधी चेहरा जुळवायला गेलात तर कॅमेरा नकळत सरकत राहतो.

मालिकेत मोजमापाचा पडदा असेल तर त्याला वेगळी काळजी लागते. जॉन लॅम्प्रीने १८६९ मध्ये माणसांची शरीरं मोजण्यासाठी सात फूट बाय तीन फुटांच्या लाकडी चौकटीवर रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांच्या चौकड्या केल्या होत्या. वसाहतकाळात अशा चौकड्यांपुढे बायकांना उभं करून 'नमुने' म्हणून त्यांची छायाचित्रं काढली गेली. पुष्पमाला यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते ०४ मध्ये केलेल्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' या मालिकेत ही रीत स्वतःच्या अंगावर घेऊन उलटवली. असा पडदा पुन्हा करायचा असेल तर दोऱ्यांतलं अंतर ५ सेंमी धरा आणि दर दोऱ्याला दोन्ही टोकांना खिळा मारा. कॅमेरा पडद्यापासून १० फुटांवर आणि बाई पडद्याच्या १ फूट पुढे असेल, तर चौकड्यांच्या हिशेबाने ती सुमारे ११ टक्के मोठी भरते. मोजमाप इतकं कच्चं असायचं, आणि तुमच्या कामाला ते दाखवायचं असेल तर हे एक फुटाचं अंतर मुद्दाम राखा.

उजेड

दिव्यांची जागा डोळ्यांत सापडते. बुबुळावरचा चमकता ठिपका मोठा करून पाहा: किती ठिपके, घड्याळाच्या कितव्या आकड्यापाशी, गोल की चौकोनी. मग नाकाची सावली पाहा. ती ओठांकडे सरळ खाली येत असेल तर दिवा समोर आणि उंच होता. गालावर तिरकी जात असेल तर बाजूला. सावलीची कड धारदार असेल तर दिवा लहान आणि उघडा होता. तिथे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावू नका. पुष्पमाला यांनी 'नवरस' मालिकेसाठी दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओचे जे. एच. ठक्कर यांनाच कॅमेऱ्यामागे घेतलं, कारण जुन्या सिनेमाची ती टणक प्रकाशयोजना त्यांच्या हातात होती. असा जुना हात मिळाला तर तो शोधणं हजार प्रयोगांपेक्षा बरं. नाहीच मिळाला तर फ्रेनेल (उजेड एकवटणारी खाचांची काच) लावलेला एलईडी दिवा घ्या.

पार्श्वभूमी जुन्यासारखी काळी पडत नाही, ही नेहमीची तक्रार. दिवा चेहऱ्यापासून ३ फुटांवर आणि भिंत दिव्यापासून ९ फुटांवर असेल तर भिंतीला नवव्या हिश्श्याएवढा उजेड मिळतो, म्हणजे फरक तीन स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). जागा लहान असल्याने भिंत ५ फुटांवर आली तर फरक दीड स्टॉपचाच उरतो. अशा वेळी एक्स्पोजर कमी करू नका, चेहराही बुडतो. दिवा आणि भिंत यांच्यामध्ये काळं कापड किंवा काळा पुठ्ठा उभा करा.

साडी, केस, कुंकू

जुना कपडा शिल्लक असेल तर तोच वापरा, घट्ट होत असला तरी. घट्ट होणं हाच बदल आहे. जुनं रेशीम मात्र घडीवर विरलेलं असतं. नेसण्याच्या दोन दिवस आधी ते उलगडून सपाट ठेवा, हँगरवर टांगू नका. काळी पडलेली जर घासू नका. ती उजळत नाही, उलट मुलामा निघून येतो. ब्लाउजच्या आत मार्जिन असेल तर बाजूची शिलाई उसवता येते, पण उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसतो. तो हाताखाली झाकला जाईल असं पाहा. मार्जिन नसेल आणि पाठ चित्रात येणार नसेल, तर पाठीवर सरळ कापून नाड्या लावा.

नऊवारी पुन्हा नेसायची असेल तर शिवलेली नऊवारी घेऊ नका. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचा कासोटा बसता-उठताना हलतो, सैलावतो, पुन्हा खोचावा लागतो. शिवलेल्या नऊवारीच्या चुण्या जागच्या हलत नाहीत आणि कॅमेऱ्याला ते लगेच कळतं. सुती असेल तर खळ जुन्या चित्राइतकीच घाला. चुण्यांचे कोन पाहून ती किती होती याचा अंदाज येतो. इरकलीच्या किंवा खणाच्या बारीक विणीवर डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखे पट्टे उमटतात, फिल्मवर ते नव्हते. कॅमेरा हलवायचा नसल्याने लेन्सचं छिद्र एफ-१६ पर्यंत लहान करून पाहा, थोडी धार जाते आणि पट्टेही जातात.

कृष्णधवल मालिकेत सर्वांत उपयोगी खूण म्हणजे कुंकू. जुन्या चित्रात ते जवळजवळ काळं असेल तर तांबडा रंग गडद दाखवणारी फिल्म किंवा फिल्टर होता. करडं होऊन कपाळात मिसळलं असेल तर लाल फिल्टर लावला होता, आणि मग ओठही फिके पडलेले दिसतील. नवं चित्र रंगीतच काढा. त्याआधी त्याच उजेडात कुंकू, हळद आणि हिरवा चुडा यांचं एक चाचणीचं छायाचित्र घेऊन लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहा. कुंकू लाल चॅनलमध्ये उजळतं, हिरव्या-निळ्यात काळवंडतं. हळद निळ्यात काळी पडते. जुन्या चित्राशी जुळेपर्यंत या तिघांचं प्रमाण बदला. सॉफ्टवेअरचं तयार 'ब्लॅक अँड व्हाइट' बटण दाबलं तर त्वचा आणि कुंकू दोन्हींची छटा तेच ठरवतं.

केस पांढरे झाले असतील तर रंगवायचे की नाही हे रकान्यांच्या कागदावर आधीच लिहिलेलं हवं, सकाळी आरशापुढे ठरवू नका. अंबाडा किंवा खोपा जुन्या मापाचा हवा असेल तर गंगावन घाला आणि त्याचा रंग आजच्या केसांशी जुळवा. पांढऱ्या केसांत काळं गंगावन कपाळापाशी उघडं पडतं. रंगभूषेत पावडरचा जाड थर टाळा, ती सुरकुत्यांत साचते आणि मिनिटागणिक वय वाढवते. क्रीमचा पातळ हात द्या, पावडर फक्त नाकावर आणि कपाळावर. मिशी किंवा जट चिकटवायला स्पिरिट गम लागणार असेल तर आदल्या दिवशी कानामागे थोडा लावून पाहा. वयाबरोबर त्वचा पातळ होते आणि पूर्वी न झालेली खाज आता होऊ शकते.

सुरकुत्या संगणकावर पुसू नका. तरुण दिसणं हा मालिकेचाच विषय असेल तर ते काम रंगभूषेने करा, म्हणजे ते करताना बाईला किती खटाटोप पडतो हेही चित्रात राहतं.

उभं राहणं

जुनी देहबोली आरशात बसवू नका, आरसा डावं-उजवं उलटवतो. फोनवर छायाचित्र काढत बसवा. भार कोणत्या पायावर, कंबर कुठे झुकली, हनुवटी कुठे, नजर नेमकी कशावर, हे चारच प्रश्न विचारा. नजरेसाठी भिंतीवर कागदाची चिकटपट्टी लावा, पावलांसाठी जमिनीवर इंग्रजी टी आकाराची खूण करा. हात वर धरायचा असेल तर कोपराखाली स्टँड द्या आणि तो चौकटीबाहेर राहील असं पाहा. गुडघ्यावर बसायचं असेल तर साडीखाली पातळ उशी चालते. पोझ काही केल्या येत नसेल तर जेवढी येते तेवढ्यावर थांबा. हात जिथे अडतो ती जागा चित्रात राहू द्या, ती आपोआप बोलते. एका पोझला दहा मिनिटांच्या वर उभं राहू नका. नंतर खांदे ताठरतात आणि सगळ्या चौकटी सारख्या येतात.

हक्क आणि संमती

जुन्या मालिकेचं बटण कोणी दाबलं होतं? १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असतो. पैसे देऊन काढवून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. मैत्रिणीने प्रेमापोटी, मोबदल्याशिवाय काढलं असेल तर कल्पना, वेश, शरीर सगळं तुमचं असूनही हक्क तिचा. आता लेखी करार करा आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर कायदा हक्कांतरण ५ वर्षांचं आणि फक्त भारतापुरतं धरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही कर्त्याच्या आयुष्यभर आणि पुढे ६० वर्षं संरक्षण आहे. जुन्या चित्राचा आधार घेताना हेच पाहायचं: राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं मोकळी आहेत, पण सगळ्याच सिनेमांच्या स्थिरचित्रांचं तसं नाही.

जुन्या चौकटीत आणखी कोणी असेल, विशेषतः तेव्हा लहान असलेलं मूल, तर त्याला आज मोठा माणूस म्हणून पुन्हा विचारा. आईने तेव्हा दिलेली परवानगी आता पुरेशी नाही. आणि मालिकेत तुम्ही दुसऱ्या जातीची, जमातीची, व्यवसायाची बाई झाला होता, तर नव्या खेपेला त्या समाजातल्या एखाद्या बाईला जुनी चित्रं आधी दाखवा. ती काय म्हणते ते ऐकून मगच चौकट लावा. तिने त्या चित्राला नकार दिला तर ते गाळून जागा रिकामी दाखवणं हेही पुनर्भेटीचंच काम आहे.

छपाई आणि मांडणी

जुनी प्रत आणि नवी प्रत एकाच मापाची ठेवा. नवी मोठी छापण्याचा मोह होतो, पण मग माप बोलतं आणि शरीर गप्प बसतं. जुनी जिलेटिन-सिल्व्हर प्रत असेल तर नवी बराइटा कागदावर (बेरियमचा लेप असलेल्या) पिगमेंट शाईने काढा, चमक जवळ येते. जुनी रंगीत प्रत पिवळटली असेल तर नव्याला तो पिवळेपणा चढवू नका. तो कागदाच्या वयाचा आहे, तुमच्या नाही. रंगीत जुन्या प्रतींवर ५० लक्सहून जास्त उजेड टाकू नका आणि शेजारच्या नव्या प्रतीलाही तेवढाच द्या, नाहीतर नवी उजळून दिसते.

पाटीवर दोन्ही वर्षं लिहा: काढल्याचं आणि छापल्याचं. जुन्या निगेटिव्हच्या दहा प्रती क्रमांक घालून विकल्या असतील तर त्याच मापाची अकरावी काढता येत नाही. प्रदर्शनासाठी छापलेल्या प्रतीच्या मागे पेन्सिलने 'प्रदर्शन प्रत, विक्रीसाठी नाही' असं लिहा, आणि नव्या मालिकेचे क्रमांक नव्याने एकपासून सुरू करा.